शिरपामाळची माती

तालीम समितीची मंडळी मागच्या आठवड्यात माझ्या दुकानात आली. सगळी कर्तीसवरती माणसं, पण माझ्या वयाला ती पोरंच. जव्हारच्या जुन्या तालमीच्या जागी आता सिमेंटची इमारत होणार, तिला ‘वीर काशिनाथ व्यायाममंदिर’ असं नाव देणार, दर्शनी भिंतीवर फलक लावणार आणि फलकावर दहा ओळींचा परिचय कोरणार. काशिनाथला जवळून पाहिलेला माणूस आता मीच उरलोय, म्हणून त्या दहा ओळी मी लिहून द्यायच्या. एवढं सांगून झाल्यावर त्यांच्यातला म्होरक्या जरा घुटमळला. म्हणाला, “आबा, फक्त ते दुसरं नको. वाद नकोत. खेळाडू म्हणून जेवढं आहे तेवढंच लिहा.”

मी बरं म्हटलं. दुधवाल्याला गिऱ्हाइकाशी भांडण परवडत नाही. रात्री जेवून बसलो आणि दहा ओळी लिहिल्या. ‘नाशिकच्या नामांकित मल्लास चीतपट केले’, ‘संस्थानचा मानाचा फेटा मिळवला’, असं सगळं चांगलं चांगलं लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यात एकही ओळ खोटी नव्हती, आणि तरी सगळं मिळून धडधडीत खोटं झालं होतं. कागद चुलीत घातला. आता हे जे लिहितोय ते कुठल्या फलकावर मावायचं नाही. त्यांनी तो फलक कोरा ठेवावा नाहीतर माझ्याशिवाय भरावा.

काशिनाथ मूळचा काशा. मोखाड्याकडच्या एका पाड्यातला, बापाची डोंगरउतारावर नागली आणि खाली चिखलात थोडा भात. पैलवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. काशा तसा नव्हता. बुटका, काळा, तांदळाचं पोतं गच्च शिवून उभं करावं तसा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. बोलणं कमी, आणि जे बोलायचा तेही त्याच्या पाड्याच्या बोलीत. ‘मला’च्या जागी तो ‘मना’ म्हणायचा, त्याला बाजारातली पोरं हसायची, तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

संस्थानच्या पागेला गवताचे भारे घालायला तो जव्हारात आला. तिथे दाऊदचाचा नालबंद होते. पागेतला एक पांढरा घोडा नाल ठोकताना कुणाला पाय धरू द्यायचा नाही, घोड्यांची निगा राखणाऱ्या दोन मोतद्दारांना त्यानं आडवं केलं होतं. काशा भारा टाकून बघत उभा होता. मग कुणी न सांगता पुढे झाला, घोड्याचा मागचा पाय उचलला आणि मांडीवर घेऊन बसला. घोड्यानं दोन हिसके दिले आणि मान खाली घातली. चाचांनी चारही नाल ठोकून घेतले, हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, “ताकद लावलीस का रे, बेटा?” काशा म्हणाला, “नाय. धरून ऱ्हायलो निसता.” त्याच संध्याकाळी चाचांनी त्याला तालमीत नेलं.

दाऊदचाचा म्हणजे आमच्या तालमीचे उस्ताद. दिवसा पागेत नाल ठोकायचे, संध्याकाळी तालमीपुढच्या उघड्या हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, काठावर उकिडवे बसायचे. आत कोनाड्यात मारुती. चाचा उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे, मग ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणायचे, आणि यात काही विशेष आहे असं आम्हाला कुणाला कधी वाटलं नाही. तालमीत कोळ्यांची पोरं होती, कुणब्यांची होती, शिंप्यांची, बाजारातल्या मुसलमान दुकानदारांची. आणि मी होतो. कुस्तीत मी बेताचाच, पण मातीसाठी ताक माझ्या घरून जायचं, त्यामुळे मला कुणी जा म्हणत नव्हतं.

मातीचं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कुस्तीची माती उकरली आणि हौद्यात ओतली, असं होत नाही. ती चाळायची, तिच्यातला खडान्‌खडा वेचायचा, मग तिला तेल पाजायचं, ताक पाजायचं, हळद घालायची, रोज खालीवर करायची. लोणच्यासारखी ती मुरावी लागते. दोन पावसाळे गेले की ती माणसाला पोटात घ्यायला लागते. आमच्या हौद्यातली माती चाचांच्या आधीच्या उस्तादांपासूनची होती, दरवर्षी नागपंचमीला वर थोडी नवी घालायची, एवढंच. पडलं तरी धप्प असा मऊ आवाज यायचा.

चाचांचा कायदा एकच. जो पाडेल त्यानं पडलेल्याची पाठ पुसायची. फडक्यानं नाही, हातानं. खांद्यापासून खाली, उघड्या तळव्यानं, पाठीवरची सगळी माती निघेपर्यंत. “पाडलंस ना, आता पूस,” असं म्हणत ते काठीनं खूण करायचे. बाहेरगावचे पैलवान याला हसायचे. पण पाठ पुसून घेतलेला माणूस मनात राग घेऊन तालमीबाहेर गेलेला मी पाहिला नाही.

काशाएवढी नीट पाठ कुणी पुसायचं नाही. नाशिकचा एक नावाजलेला पैलवान दसऱ्याच्या कुस्त्यांना आला होता. आमच्याकडे दसऱ्याच्या कुस्त्या तालमीपुढच्या त्या हौद्यातच व्हायच्या. तो काशाच्या दीडपट होता. लोक काशाकडे बघून हळहळत होते. काशा हौद्यात उतरला, नेहमीसारखी मूठभर माती उचलून नाकाशी नेली, हुंगली आणि मग सलामी दिली. बराच वेळ तो नुसता धरून राहिला, घोड्याचा पाय धरला होता तसा. समोरचा वैतागला, घाई केली आणि उताणा झाला. हलग्या वाजायला लागल्या, लोक हौद्यात घुसले, काशाला खांद्यावर घ्यायला बघतात तर काशा खाली गुडघ्यावर बसून त्या नाशिकवाल्याची पाठ पुसतोय. तो एवढा मोठा माणूस रडायला लागला. दरबारातून आलेला मानाचा फेटा काशानं स्वतःच्या डोक्याला लावलाच नाही, तसाच नेऊन चाचांच्या डोक्यावर ठेवला. चाचांना तो मोठा व्हायचा, कानांवर यायचा. ते ईदलासुद्धा तोच बांधायचे.

त्या दिवसांतला काशा मला आवडायचा. सकाळी मेहनत झाली की दुकानी यायचा, बाकावर कधी बसायचा नाही, जमिनीवर मांडी घालून लोटाभर दूध प्यायचा. मी कधी पाण्याचा हात मारला तर लगेच ओळखायचा आणि विचारायचा, “म्हस आज नदीत पोहून आली का?” बदाम, तूप असलं त्याला सोसायचं नाही, नागलीची भाकरी आणि दूध. त्याचं एक बोलणं ठरलेलं होतं. कुणी डाव चोरून मारला, कुणी मेहनत चुकवली, की म्हणायचा, “मातीला फसवता येत नाय.” धाकटा भाऊ लखू, त्याला त्यानं पाड्यावरून आणून तालमीत घातलं होतं. लखू अंगानं सडपातळ, उंच, दादापेक्षा चपळ. चाचा म्हणायचे, काशा माझा मुलगा, पण लखू माझी म्हातारपणाची भाकरी.

नाशिकची कुस्ती जिंकली आणि काशाचं नाव घाटावर गेलं. नाव गेलं तशी माणसं आली. तेव्हा सगळीकडेच वारं होतं. कुणी चरखा घेऊन यायचं, कुणी आणखी काही. ही मंडळी आणखी काहीवाली होती. स्वच्छ धोतरं, कडक टोप्या, बोलणं असं की पाणी पीत नसतील, शाईच पीत असतील. त्यांच्याकडे डोकं होतं, पण देह नव्हता. देह काशाकडे होता. त्यांनी त्याला सभांना न्यायला सुरुवात केली. व्यासपीठावर उघड्या अंगानं उभं करायचे आणि म्हणायचे, बघा, असा झाला पाहिजे आपला तरुण. एरवी हाटेलात आत न घेणाऱ्या माणसानं तुम्हाला व्यासपीठावर घेऊन पाया पडायचं नाटक केलं तर डोकं ठिकाणावर राहणं अवघडच. हे मी त्याच्या बाजूनं सांगतोय. त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

सहा महिन्यांत काशाचा काशिनाथ झाला, वर्षात काशिनाथराव. भाषा पालटली. त्याच्या तोंडात मोठमोठे शब्द यायला लागले आणि ते उच्चारताना तो ओझं उचलल्यासारखा थांबायचा. राष्ट्र कुणाचं, भूमी कुणाची, शत्रू घरात कसा असतो. दुकानी आला की बाकावर बसायला लागला. मुसलमान हे आपले नव्हेत, आज नाही तर उद्या त्यांना हाकलावंच लागेल, आणि नाही गेले तर मारावं लागेल, हे तो इतक्या सरळ सांगायचा की जणू गवत कधी कापायचं ते सांगतोय. मी म्हटलं, “काशा, तुला कुस्ती कुणी शिकवली?” तो म्हणाला, “कुस्ती आमच्याच पूर्वजांची. त्यांनी आमची आम्हाला परत दिली, उपकार काय?” हे वाक्य त्याचं नव्हतं. त्याला एवढं लांब वाक्य येत नव्हतं.

मग एकदा त्यानं मला सांगितलं की मुसलमान गिऱ्हाइकांसाठी दुधाचं माप वेगळं ठेव. मी म्हटलं, माप वेगळं ठेवतो, पण म्हैस एकच आहे, तिला काय सांगू? तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध बंद झालं. मला गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नव्हतं. म्हशीच्या पोहण्याची चौकशी करणारा माणूस गेला याचं झालं.

तालमीत पहिल्यांदा काय दिसलं ते सांगतो. चाचांचा पुतण्या कासम, त्याच्याशी काशानं जोड धरली, पाडलं आणि उठून चालू लागला. चाचांनी काठीनं खूण केली. काशा थांबला नाही. चाचांना वाटलं त्याचं लक्ष नाही, त्यांनी नेहमीसारखंच म्हटलं, “पाडलंस ना, आता पूस.” काशानं मारुतीकडे तोंड केलं आणि अंग पुसत राहिला. कासम मातीत बसून होता. शेवटी लखू पुढे झाला आणि त्यानं कासमची पाठ पुसली. चाचा त्या दिवशी लवकर घरी गेले.

गावात बोलाचाली झाली. झाली म्हणजे काय, ओट्यावर झाली, पारावर झाली. आमच्या गावची शहाणी माणसं काय म्हणत होती ते मला अजून पाठ आहे. म्हणायची, “बोलतो ते वाईट, पण कुस्ती बघा त्याची. कुस्ती वेगळी, मतं वेगळी.” काही म्हणायची, “पोरगा साधा आहे, चार दिवसांनी उतरेल.” काही म्हणायची, “जव्हारचं नाव घाटावर गेलंय ते त्याच्यामुळे, आता त्याला दुखवू नका.” आणि काहींना ते मनातून आवडतच होतं, ती नुसती मान हलवायची. कुस्ती वेगळी आणि मतं वेगळी. जणू माणूस हौद्यात उतरताना डोकं खुंटीला टांगून ठेवतो. समितीची पोरं मागच्या आठवड्यात दुकानात येऊन तेच म्हणाली. इतक्या वर्षांत या गावानं नवीन वाक्यसुद्धा काढलं नाही.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी काशिनाथनं जाहीर केलं की मुसलमानांनी हौद्यात पाय टाकायचा नाही. उस्तादांनीसुद्धा नाही. कासम आणि बाजारातली पोरं गेली. कुणब्यांची दोघं उठून त्यांच्याबरोबर गेली, त्यांची नावं कुठल्या फलकावर येणार नाहीत. बाकीची राहिली. लखू राहिला, कारण भाऊ होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माझं हे व्यक्तिचित्र दुसरं झालं असतं. पण काशिनाथच्या नव्या मित्रांना सुचलं की माणसं गेली तरी माती तीच आहे. ती दाऊदनं मुरवलेली, त्यांचे पाय लागलेली, त्यांचा घाम प्यालेली. ती बदलली पाहिजे. आणि नवी माती शिरपामाळची आणायची. शिरपामाळावर छत्रपतींचा मुक्काम पडला होता, आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, त्या जागेबद्दल मलाही आदर आहे. पण तो माळ आहे. खाली मुरूम आहे. तिथे पावसाळ्यात गवत होतं आणि उन्हाळ्यात चप्पल झिजते. ती माती कुस्तीला चालत नाही हे जव्हारात कुणाला जर सगळ्यांत जास्त कळत असेल तर काशाला. मूठभर माती हुंगून तिच्यात ताक कधी पडलं ते सांगणारा माणूस तो.

जुनी माती टोपल्यांनी उपसून बाजारामागच्या खड्ड्यात टाकली. दोन पिढ्यांचं तेल, हळद आणि घाम. पुढे तिथे भोपळ्याचा वेल आला आणि असे भोपळे लागले की बायका लांबून बघायला यायच्या. शिरपामाळाहून गाड्या आल्या, पुढे तुताऱ्या, मागे घोषणा, बैलांच्या शिंगांना पानं. मी दुकानातून बघत होतो. काशिनाथ पहिल्या गाडीत मातीवर उभा होता. मी त्याला हाक मारून विचारलं, ताक किती पाठवू? त्यानं वरूनच सांगितलं, या मातीला काही घालायचं नाही, ही आधीच पवित्र आहे. नुसती चाळलीसुद्धा नाही ती, चाळणं म्हणजे अपमान.

चाचा दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याला हात लावला, आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच म्हणाले, “काशा, माझ्यावर राग धर. पोरांना यंदा यात उतरवू नको. कच्ची आहे.” लखूनं मला नंतर सांगितलं की दादानं त्या रात्री ती माती हातात घेतली होती, नाकाशी नेली होती आणि परत टाकली होती.

दसरा आला. पावसानं ती माती दाबून बसवली होती आणि नंतरच्या उन्हानं भाजली होती. वरून थोडी उकरून लाल आणि सुंदर दिसत होती. गर्दी अशी की पागेच्या भिंतीवर माणसं चढली होती. नाशिकहून टोप्यावाले आले होते, भाषणं झाली. मुसलमानांना हौद्याभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभं राहायला सांगितलं होतं. चाचा तिथे उभे होते, डोक्याला तोच मोठा होणारा फेटा. मला वाटतं ते लखूसाठीच आले होते.

लखूची कुस्ती घोटीच्या एका कुणब्याच्या पोराशी लागली. दोघं सारखेच, दोघं हसतमुख. लखू जिंकत होता. मग त्या पोरानं धोबीपछाड मारली. डाव साधा, आमच्या हौद्यात असल्या पछाडी लखूनं शेकड्यांनी खाल्ल्या होत्या. या वेळी धप्प आवाज आला नाही. दगडावर नारळ फुटावा तसा आला. लखू मानेवर पडला आणि पडला तसाच राहिला, तोंड दोरीच्या बाजूला. डोळे उघडे. घोटीच्या पोराला काही कळलं नाही. त्याला आमच्याकडची रीत कुणीतरी सांगितली होती, तो बिचारा गुडघ्यावर बसून लखूच्या पाठीची माती पुसायला लागला.

चाचा पागेकडे पळाले. म्हातारा माणूस, पण पळाले. नालाच्या खोपटाचं दार एका फळीचं होतं, ती फळीच उपटून घेऊन आले. नालबंदाला मोडलेलं जनावर कसं उचलायचं ते ठाऊक असतं आणि उस्तादाला मोडलेला माणूस. दोरीपाशी येऊन ते म्हणाले, “काशा, हातांवर उचलू नको त्याला. मान हलवू नको, बेटा. फळीवर घे.” असं म्हणत त्यांनी दोरी वर केली.

काशिनाथ भावापाशी उभा होता. त्यानं वळून पाहिलं. टोप्यावाले त्याच्याकडे बघत होते, सगळं गाव बघत होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो, त्याचा चेहरा मी पाहिला, त्यात एक क्षण काशा होता. मग तो म्हणाला, “मातीत पाय टाकायचा नाय.”

चाचांनी पाय टाकला नाही. ते काठावर गुडघे टेकून बसले आणि फळी हातानं आत सरकवली, जेवढी जाईल तेवढी. म्हणाले, “मी नाही येत. फळी तरी घे.” फळी लखूच्या तोंडापुढे जाऊन थांबली. ती कुणी उचलली नाही. मी पुढे झालो तर टोप्यावाल्यांच्या एका गड्यानं मला छातीवर हात ठेवून मागे लोटलं. चौघांनी लखूला हातापायांना धरून उचललं, त्याची मान मागे लोंबली, आणि घोषणा देत त्याला मारुतीपुढे नेऊन ठेवलं. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, फळीनं त्याचं अंग वाचलं असतं की नाही ते सांगता येत नाही. खरं असेल. पण घ्यायला हवी होती हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

लखू जगला. मानेखाली सगळं गेलं. नाशिकवाले एकदा आले, त्याच्यावर हार घातला, ‘बलिदान’ म्हणाले, आणि मग त्यांना दुसरीकडे दुसरा देह सापडला असावा, कारण परत आले नाहीत. काशिनाथ भावाला गाडीत घालून पाड्यावर घेऊन गेला. त्यानंतर तो कधी हौद्यात उतरला नाही आणि जव्हारलाही फारसा आला नाही. चाचा आणखी काही वर्षं नाल ठोकत होते. खोपटाला त्यांनी परत दार लावलं नाही. ते गेले तेव्हा कासमनं तो फेटा त्यांच्या उशाशी ठेवला होता.

काशिनाथला मी शेवटचं पाहिलं ते पाड्यावर. मोखाड्याला म्हैस बघायला गेलो होतो, तिथून पुढे चालत गेलो. कुडाची झोपडी, पुढे खळं. काशिनाथ पिकला होता, पण देह तसाच. मला बघून त्याला आनंद झाला की नाही कळलं नाही. बसायला घोंगडी दिली आणि विचारल्याशिवायच सुरू झाला. दाऊदनं माती बाहेर जाताना तिच्यावर करणी केली होती. तो दोरीपाशी उभा राहून हसत होता. एकानंही मदत केली नाही, ती जातच तशी. शब्द तेच होते, आता ओझं वाटत नव्हतं, सवयीनं गुळगुळीत झाले होते. मी म्हटलं, चाचा वारले. तो म्हणाला, “एक कमी झाला.” मी उठून परत निघणार होतो.

तेवढ्यात तो झऱ्यावर पाणी आणायला गेला आणि मी आत लखूपाशी जाऊन बसलो. लखूचं फक्त तोंड उरलं होतं, पण ते अजून हसतमुख होतं. त्यानं गावाचं विचारलं, कासमचं विचारलं. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाला, “चाचानं फळी आणली होती.”

मी म्हटलं, “तुला ठाऊक आहे?”

“मना दिसली ना. तोंडापुढंच होती. तिच्यावर नालाचा खिळा होता.”

मग रोज हे ऐकून कसं घेतोस, दादाला कधी बोलला का नाहीस, असं मी विचारलं. लखूनं माझ्याकडे असं पाहिलं की हा शहाणा माणूस असून असं काय विचारतो.

“बोललो तं तो मरंल,” तो म्हणाला. “मंग मना पाणी कोण पाजंल?”

काशिनाथ घागर घेऊन आला. भावाला पाणी पाजलं, ओठ पुसले. मग त्याला अलगद कुशीवर घेतलं, एक हात मानेखाली धरून, मान जरासुद्धा हलू न देता. लखूच्या पाठीवर झोपून झोपून जखमा झाल्या होत्या. काशिनाथ त्याच्यामागे गुडघ्यावर बसला, तळवा ओला केला आणि पाठ पुसायला लागला. खांद्यापासून खाली, उघड्या हातानं, सावकाश. पुसता पुसता मला सांगत होता की या लोकांना उस्ताद म्हणणं हीच आपली चूक झाली. लखूचं तोंड माझ्याकडे होतं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.